लंडनची कातर, मुंबईचे केस

मुंबईहून केसकापणीचा कोर्स करायला लंडनला येणाऱ्या पोरापोरींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा व्हिडाल ससून म्हणजे आपल्या कुलाब्याच्या ससून डॉकवाल्यांपैकीच का? नाही. डॉकवाले ससून बगदादहून मुंबईत आले आणि अफू, कापूस, गिरण्या यांत गबर झाले. केसांचा ससून, म्हणजे केशकर्तनकार व्हिडाल, १९२८ मध्ये लंडनमध्ये जन्मला तो कफल्लक घरात. वडील मूळचे सलोनिकाचे, म्हणजे आजच्या ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीचे. पोरं लहान असतानाच ते घर सोडून गेले. आईला दोघांना पोसणं झेपेना, तेव्हा तिनं त्यांना ज्यू अनाथालयात ठेवलं. व्हिडालची तिथे सातेक वर्षं गेली.

परळच्या सलूनपासून वांद्र्याच्या काचेच्या पार्लरपर्यंत आज ज्या रूपात ‘बॉब’ (सरळ रेघेत कापलेले आखूड केस) मागतात, ते रूप या पोरानं दिलं. ते कुठून आलं हे कळलं की मुंबईच्या केसांवर ते कुठे फसतं हेही कळतं. म्हणून आधी माणूस, मग कातर.

चौदाव्या वर्षी आईनं त्याला व्हाइटचॅपलमध्ये अॅडॉल्फ कोहेन यांच्या सलूनमध्ये नेलं. शिकाऊ उमेदवारीची फी शंभर गिनी. तेवढे पैसे असते तर पोराला कामाला कशाला लावलं असतं? मायलेक निघाले. जाताना पोरानं आईसाठी दार धरलं, कोहेनना अदबीनं निरोप दिला. कोहेननी परत बोलावलं आणि फी माफ केली. नियम मात्र कडक: नखं स्वच्छ, बूट चकचकीत, पँटला धारदार घडी. महायुद्धाचा काळ, बॉम्बच्या भीतीनं रात्री तळघरात काढायच्या आणि सकाळी तरीही घडी हवी. मग पँट गादीखाली. गिरगाव-लालबागच्या चाळींत ही इस्त्री कुणाला समजावून सांगायला नको.

पुढे लंडनच्या उच्चभ्रू वेस्ट एंडच्या सलूनमध्ये काम मिळेना, कारण त्याचं बोलणं पूर्व लंडनच्या वस्तीतलं होतं. त्यानं उच्चारांची शिकवणी लावली. (इंग्रजी जमत नाही म्हणून चांगल्या हाताच्या कारागिराला मागच्या खुर्चीवर ठेवण्याची रीत मुंबईत आहे, ती इथलीच जुनी आयात म्हणायची.) १९४८ मध्ये तो इस्रायलच्या बाजूनं युद्धात लढून आला आणि १९५४ मध्ये बाँड स्ट्रीटवर स्वतःचं सलून उघडलं.

तेव्हाची पद्धत अशी: आठवड्यातून एकदा बाई येणार, केस धुणार, रोलर लावून टोपीसारख्या ड्रायरखाली बसणार, वर लॅकर, म्हणजे केस ताठ ठेवणारा फवारा. पुढच्या खेपेपर्यंत डोक्याला हात लावायचा नाही. ससूनला वास्तुविशारद व्हायचं होतं, शिक्षण नव्हतं म्हणून राहिलं. वास्तुविशारद मीस व्हॅन डर रोहच्या आणि बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या साध्या, बिननक्षीच्या इमारतींवर त्याचा जीव. वरून चिकटवलेली नक्षी त्याला खपायची नाही. केसही असे कापायचे की धुऊन, डोकं झटकून सोडले की आपोआप जागेवर बसतील. १९६३ मध्ये त्यानं फॅशन डिझायनर मेरी क्वांटच्या मॉडेल्सचे आणि अभिनेत्री नॅन्सी क्वानचे केस असे कापले, पुढे साठच्या दशकाच्या मध्यात आला पाच टोकांचा कट: मानेवर तीन टोकं, कानांपुढे एकेक.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. नॅन्सी क्वानचे केस सरळ, दाट आणि जड होते. असे केस कापले की ओळंब्यासारखे सरळ खाली येतात, रेघ दिसते. आपल्याकडचे बहुतेक केस दाट आहेत, पण त्यांत लाट आहे. त्यावर तोच कट जसाच्या तसा उतरवला की जुलैत कानाखाली त्रिकोणी तंबू तयार.

आपल्या केसांवर बॉब कापायची कृती अशी. केस धुऊन टॉवेलनं टिपायचे, निथळते ठेवायचे नाहीत. एक भांग कपाळापासून मानेपर्यंत मधोमध, दुसरा एका कानामागून माथ्यावरून दुसऱ्या कानामागे. चार भाग, चार क्लिपा. हनुवटी छातीकडे झुकवून मानेवर पहिली आडवी पट्टी काढायची ती एक सेंटीमीटरची, पुढचीही त्याहून जाड नको. पट्टीच्या आरपार खालची कापलेली रेघ दिसली पाहिजे. दिसत नसेल तर पट्टी जाड झाली. अंदाजानं कापू नका, पुन्हा काढा. केस बोटांत उचलायचे नाहीत, मानेला टेकलेले असतानाच कंगव्यानं सपाट धरून कापायचे. मानेवर भोवरा असेल तर तिथले केस कोरडे झाल्यावर एका बाजूला उसळतात, म्हणून तेवढी जागा अर्धा सेंटीमीटर लांब सोडायची.

कानाशी सगळ्यांत जास्त काम बिघडतं. कानाच्या वरून येणारे केस ताणून कापले की सोडल्यावर ते वर चढतात आणि सरळ रेघेत खाच पडते. तिथे बोटं लावूच नयेत. कंगव्याच्या रुंद दातांनी केस नुसते खाली आणायचे, कानाला हलकेच टिचकी मारून त्याची जागा त्याला घेऊ द्यायची, मग कापायचं.

दुसरी चूक ओल्या केसाची. ओला केस ताणला तर एक तृतीयांशापर्यंत लांबू शकतो, वाळला की आखडतो. लाटेच्या केसांत ही आखड सहज दीड-दोन सेंटीमीटर भरते. म्हणून मुंबईत पहिली रेघ हव्या त्या लांबीच्या दोन सेंटीमीटर खाली, मग पूर्ण वाळवून कोरडी रेघ. आणि तंबू होऊ नये म्हणून मानेवरच्या पहिल्या तीन-चार पट्ट्यांनंतर केस डोक्यापासून पंचेचाळीस अंशांत उचलून कापायचे, म्हणजे वजन आतून पायरीपायरीनं कमी होतं. बरेच जण हे वजन थिनिंग कात्रीनं वरच्या थरातून काढतात. त्या दिवशी छान दिसतं. दोन आठवड्यांनी आखूड झालेले केस वरच्या थरातून काट्यांसारखे बाहेर येतात. शेवटी आडवं कापलेलं उभं तपासायचं. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो, तेव्हा या कटला पाच-सहा आठवड्यांनी परत यावं लागतं, हे गिऱ्हाइकाला खुर्चीत बसण्याआधी सांगावं.

ससूनचं नाव पुढे बाटल्यांवर गेलं, १९८३ मध्ये उत्पादनांचा धंदा विकला गेला. २००२ मध्ये त्याची मुलगी कात्या गेली. तो स्वतः २०१२ मध्ये लॉस एंजेलिसला वारला.

ससूनवर पुस्तकं आहेत, चित्रपट आहे. रोझ इव्हान्स्कीचं नाव मुंबईत क्वचितच कुणाला ठाऊक असतं, पण रोजच्या धंद्यात तिचं देणं जास्त आहे असं आमचं मत. जर्मनीत वॉर्म्स गावी १९२२ चा जन्म. नाझींनी वडिलांना डाखाउच्या छावणीत नेलं. ज्यू मुलांना इंग्लंडला आणणाऱ्या गाड्यांतून ती किशोरवयात एकटी आली आणि केशकर्तन शिकली. पुढे लंडनच्या मेफेअरमध्ये सलून चालवत असताना, १९६२ च्या सुमारास, तिनं एका पुरुषांच्या सलूनमध्ये न्हाव्याला ब्रश आणि हातातल्या ड्रायरनं गिऱ्हाइकाचे केस वाळवताना पाहिलं. हे बायकांच्या केसांवर का नाही? करून पाहिलं, आणि रोलर सुटले. ब्लो-ड्राय तो हाच. पुरुषांचं हत्यार बायकांच्या खुर्चीपाशी आलं, बस एवढीच गोष्ट.

ब्लो-ड्राय मुंबईत लोकलला चढेपर्यंतच टिकतो ही तक्रार खरी आहे, आणि तिचं कारण केसात आहे. केसातले हायड्रोजन बंध पाण्यानं सुटतात आणि वाळताना, ज्या आकारात केस धरलाय त्याच आकारात पुन्हा जुळतात. हवेतला ओलावा आत शिरला की तेच बंध पुन्हा सुटतात. म्हणून मुळं पूर्ण कोरडी झाली पाहिजेत. घाईत टोकं आधी वाळवतात, मुळांशी ओल राहते, आणि दहा मिनिटांत केस फुगतो. आधी नुसत्या हातांनी ऐंशी टक्के वाळवायचे, मग ब्रश. पाच-सहा सेंटीमीटर रुंदीची बट, ड्रायरचं चपटं तोंड मुळाकडून टोकाकडे, प्रत्येक बटेला शेवटी दहा सेकंद गार हवा. गार झाल्याशिवाय ब्रश सोडायचा नाही. गरम ड्रायर ओल्या केसावर एकाच जागी धरला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे धरतात, आणि तिथेच तो तुटतो.

पाण्याचाही हिशेब वेगळा. लंडनचं पाणी जड, केटलीत पांढरा थर बसतो, शाम्पूला फेस कमी येतो. मुंबईत पालिकेचं तानसा-भातसा-वैतरण्याचं पाणी हलकं. लंडनच्या मापानं शाम्पू घातला तर केस रुक्ष होतात, निम्म्यानं सुरुवात करावी. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येऊ लागले की मात्र पाणी कोणतं ते विचारून घ्या. बोअरवेलचं असेल तर गणित पुन्हा लंडनचं. आदल्या रात्रीचं खोबरेल असेल तर दोनदा शाम्पू हवाच, नाहीतर ब्लो-ड्राय बसतच नाही.

मुंबईच्या चित्रसृष्टीत उलटी गंमत होती. तिथल्या संघटनेचा नियम: बाईनं केस करायचे, रंगभूषा पुरुषानं. मेकअप आर्टिस्टचं कार्ड बाईला मिळायचं नाही. चारू खुराना आणि इतर काही जणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये ही बंदी गेली. त्याआधीच, २००१ च्या ‘दिल चाहता है’मधल्या केसांनी शहरभरच्या सलूनचे आरसे बदलून टाकले होते. ते काम अधुना भबानी यांचं. वडील बंगाली, आई ब्रिटिश, हात तयार झाला तो इंग्लंडमध्ये.

केशरचनाकार सॅम मॅकनाइट स्कॉटलंडच्या खाणकामगाराचा मुलगा. १९९० मध्ये एका फोटोसाठी त्यानं प्रिन्सेस डायनाचे केस मुकुटाखाली लपवून आखूड भासवले. तिला ते आवडले. तुझ्यावर सोडलं तर काय करशील, असं तिनं विचारलं. सगळे आखूड कापीन, तो म्हणाला, आणि तिथेच कापले. लांब केस कापायला घाबरणाऱ्या गिऱ्हाइकासाठी ही युक्ती अजून चालते: आधी पिना लावून आखूड दाखवा.

आता ट्रेव्हर सॉर्बी, आणि इथे जरा थांबायला हवं. स्कॉटलंडमधल्या पेझलीचा, न्हाव्याचा मुलगा. शाळेत पोरं छळायची, पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो बापाच्या दुकानात उभा राहिला. पुढे ससूनकडे गेला, १९७४ मध्ये तिथे ‘वेज’ (पाचरीच्या आकाराचा) कट केला, १९७९ मध्ये कॉव्हेंट गार्डनला स्वतःचं सलून काढलं. नावलौकिक भरपूर. मग त्याच्या भावजयीला कर्करोग झाला, केस गेले, आणि त्यानं तिचा विग तिच्या डोक्यावर बसवून कापला. त्यातून २००६ मध्ये ‘माय न्यू हेअर’ ही संस्था निघाली, जी साध्या सलूनवाल्यांना विग कापायला शिकवते. २०२४ मध्ये तो स्वतः कर्करोगानंच गेला.

बाईचे केस जाणं आपल्याकडे नुसतं आजारपण नसतं. केशवपनाची सावली त्यावर आहे. याच मुंबईत १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी विधवांचं डोकं भादरणार नाही असं ठरवलं होतं. परळला टाटा रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात, विग आसपासच मिळतात, पण तो डोक्यावर कापून देणारा हात शोधावा लागतो. हे काम कुठलंही सलून करू शकतं, म्हणून सविस्तर.

केमो सुरू होण्याआधी बाईला भेटा. केस साधारण दोन-तीन आठवड्यांनी गळू लागतात. भांग कुठल्या बाजूला, कपाळावर केस कुठून सुरू होतात, याचे फोटो काढून ठेवा. डोक्याचं माप टेपनं: कपाळाच्या केसरेषेपासून कानांच्या वरून मानेच्या खळगीपर्यंत वेढा. केस गेल्यावर तो किंचित कमी भरतो, तेव्हा मागे पट्टा असलेला विग घ्या. नाटकातला टोप लांबून दिसायचा असतो, म्हणून तो गच्च भरलेला असतो. विकतचा विगही तसाच गच्च येतो आणि त्यामुळेच खोटा दिसतो. माथा आणि भांगाजवळची दाटी उभ्या कात्रीनं, थोडी थोडी, मुळापासून दीड सेंटीमीटर सोडून काढायची. कपाळावर चार-सहा आखूड बटा सोडायच्या, कारण खरी केसरेषा कधीच सरळ नसते. कापायचं ते बाईच्या डोक्यावर, स्टँडवर नाही. एका वेळी एक सेंटीमीटरहून जास्त नको: विगचा केस परत वाढत नाही.

कृत्रिम धाग्याला ड्रायरची गरम हवा, कुकरची वाफ, फोडणीचा धूर, काहीही चालत नाही. पुढच्या बटा आक्रसून कुरळ्या होतात आणि मग सुधारत नाहीत. स्वयंपाकघरात विग काढून सुती स्कार्फ बांधायला सांगा. विगखाली पातळ सुती टोपी हवी, नाहीतर मुंबईच्या घामानं टाळूला खाज सुटते. सौम्य शाम्पू घातलेल्या गार पाण्यात बुडवून धुवायचा, चोळायचा नाही, ओला असताना विंचरायचा नाही. पावसाळ्यात वाळायला रात्र लागते. तेव्हा स्टीलच्या उभ्या डब्यावर टॉवेल गुंडाळून त्यावर ठेवायचा, पंखा लांबून; आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात टाकायचा नाही, आठवड्यात वास धरतो.