चादरीचे कोपरे

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो तर गादीवरची चादर एका कोपऱ्यातून सुटून पाठीखाली गोळा झाली. ती इलॅस्टिकवाली चादर, सहा महिन्यांत इलॅस्टिक ढिलं. अक्का असती तर आधी मला उठवलं असतं, मग चादर झटकून पायथ्याचा कोपरा पंचेचाळीस अंशात असा काही दुमडून खोचला असता की वर पोरांनी कुस्ती खेळली तरी हलणार नाही. आणि उशीच्या अभ्र्याचं तोंड दाराकडे नको, उलट्या बाजूला, राउंडला येणाऱ्याला ते दिसता कामा नये. चोपडा तालुक्यातल्या आमच्या घरात राउंडला कोण येणार होतं, फार तर शेजारची म्हातारी विरजण मागायला यायची, पण नियम म्हणजे नियम.

अक्का म्हणजे माझ्या आजोबांची मोठी बहीण. लहानपणीच लग्न, विशीच्या आत विधवा होऊन माहेरी परत. मग भावकी नाकं मुरडत असताना नर्सिंग शिकली आणि थेट मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये गेली. त्यात भरती होणारी नर्स ही ऑफिसर असते, लेफ्टनंटपासून सुरुवात, हे आमच्याकडे अजूनही कोणाला खरं वाटत नाही. रिटायर झाली ती मेजर होऊन. पंजाब मेलने भुसावळला उतरली, काळी ट्रंक आणि एक होल्डॉल, तिथून एसटीने गावी, आणि आल्या आल्या चार भावांचं खटलं ताब्यात घेतलं ते ब्याण्णवाव्या वर्षी गेली तेव्हाच सुटलं. कापूस कधी विकायचा, कोणत्या पोरीची सोयरीक कुठे करायची, अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींना साडी कोणती, सगळं तिच्याकडे.

आता आमच्याकडची गंमत बघा, फौजेतून परत आलेला कोणीही असो, नाईक, हवालदार, गाव त्याला मेजरच म्हणतं. काय मेजर, कसं काय मेजर. गावात मेजर होते डझनभर आणि जी खरी होती तिला सगळे म्हणायचे नर्सबाई. पंधरा ऑगस्टला शाळेत माजी सैनिकांचा सत्कार असायचा, टोप्या, नारळ, शाल, आणि ही बायकांच्या सतरंजीवर बसून टाळ्या वाजवायची. मला राग यायचा, तिला येत नसावा, किंवा येत असेल तर दाखवायची नाही. एक म्हातारे हवालदार मात्र ती दिसली की बाजारात, भाजीची पिशवी हातात असली तरी पिशवी खाली ठेवून कडक सॅल्यूट मारायचे, आणि ही पदर सावरून मान हलवायची आणि लगेच वांगी निवडायला लागायची. भरताची वांगी निवडताना ती कोणालाच मोजत नसे.

दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला तिला मी बँकेत न्यायचो. एकदा नवीन पोरगा होता काउंटरला. नम्र होता बिचारा. "फॅमिली पेन्शन ना आजी? बाबा कोणत्या रेजिमेंटला होते?" अक्का म्हणाली, "बाबा शेती करायचे. मीच होते." त्याने पीपीओ, म्हणजे पेन्शनचा कागद, पाहिला, परत तिच्याकडे पाहिलं, आणि उभाच राहिला. ती म्हणाली, बस, शिक्का मार, मला एकादशीची केळी घ्यायचीत.

देवधर्माचं तर विचारू नका. दोन्ही एकादश्या, रोज संध्याकाळी हरिपाठ, जेठात मुक्ताईची पालखी कोथळीहून पंढरपूरला निघायची तेव्हा मुक्ताईनगरपर्यंत जाऊन पाया पडून यायचं, पाय चालले तोवर. पण देवघरात शिरायच्या आधी कोपरापर्यंत साबणाने हात. देवांची वस्त्रं उकळून वाळवलेली. श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, घरात बसली की चौरंगाशेजारी डेटॉलची बाटली आणि मग्गा, आधी हात, मग दर्शन. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मी एकदा म्हटलं, अक्का, देव काय पेशंट शे का? तर म्हणते, "देव बोंबलत नही, पेशंट बोंबलतस. तितलाच फरक."

लढाईचं विचारलं की विषय बदलायची. आम्हाला लहानपणी तोफा, बंदुका, शूरवीर असं काहीतरी हवं असायचं. तिने सांगितलं ते एवढंच, की १९७१ साली फिरोजपूरला होती, दत्तजयंती नुकतीच झाली होती, ३ डिसेंबरच्या संध्याकाळी सीमेवरच्या हुसैनीवालाकडून आवाज यायला लागले आणि रात्रीपर्यंत वॉर्डात जागा उरली नाही, व्हरांड्यात स्ट्रेचर. चादरी पुरेनात. धुतलेली चादर वाळायच्या आत पुढच्याला लागायची, ओलीच घालायला लागायची, हे सांगताना मात्र तिचा आवाज बदलायचा, जखमांचं सांगताना नाही. आणि त्या सगळ्या दिवसांत हरिपाठ बुडाला. लढाई १७ तारखेला थांबली, त्यानंतर एकदा सवड मिळाल्यावर राहिलेले सगळे दिवस मोजून एका बैठकीत तेवढे हरिपाठ म्हणून टाकले. आम्ही हसायचो. आता हसू येत नाही, का ते सांगता येणार नाही.

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू घेताना घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजतात, तुमच्याकडेही असेलच. अक्का आली त्या पहिल्याच श्रावणात तिने सगळ्यांच्या मुठी झाल्यावर स्वतःच्या नावाची एक मूठ टाकली म्हणे. सोवळ्यातल्या दोन म्हाताऱ्या रुसल्या, एक तर रोट न खाताच गेली. आजोबांनी मध्ये पडायचा प्रयत्न केला, त्यांना दळण आणायला पाठवलं. पुढच्या वर्षीपासून त्या मुठीचं कोणी काही बोललं नाही, आमच्या पिढीला तर ती रीतच वाटायची, मोठं झाल्यावर दुसऱ्यांच्या घरी पाहिलं तेव्हा कळलं की असं नसतं.

ती गेल्यावरची ही पहिलीच कानबाई. मुठी मोजताना काकू मध्येच थांबली, आणि आई म्हणाली, घे गं. काकू म्हणाली, पण आता कशी? मग घेतली की नाही मला माहीत नाही, तेवढ्यात लाईट गेली आणि मी इन्व्हर्टर बघायला पळालो. रोट होते भरपूर, पौर्णिमेपर्यंत दुधात कुस्करून खात होतो.