वरच्या खोल्या, स्प्रे फोम आणि फोडणीचा वास

बॉस्टनजवळचं आमचं घर केप पद्धतीचं, १९५२ सालचं. वरच्या दोन्ही खोल्या थेट उतरत्या छपराखाली, आणि कडेच्या बुटक्या भिंतींमागे अंधारे कोनाडे. जुलैत वर बसवत नाही, जानेवारीत झोपवत नाही. छपरावरचा बर्फ आतल्या उबेने वितळायचा, पन्हाळीपाशी पुन्हा गोठायचा आणि त्यामागे तुंबलेलं पाणी खिडकीवरच्या ड्रायवॉलमध्ये, म्हणजे भिंतीच्या जिप्समच्या पत्र्यांत उतरायचं. सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार हे ठरलं आणि नवरा म्हणाला, "स्प्रे फोमचं काय ते या वर्षी करूनच टाकू." स्प्रे फोम म्हणजे फवारला की फुगून घट्ट होणारा, उष्णता आणि हवा अडवणारा फेस. मराठी मंडळात विचारलं तर प्रत्येकाचं त्यावर ठाम मत होतं. कुठलीही दोन मतं जुळत मात्र नव्हती.

सुरुवात 'मास सेव्ह' या मॅसॅच्युसेट्समधल्या ऊर्जाबचत योजनेच्या मोफत घरतपासणीने केली. तपासनिसाने आधी अॅटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यात डोकावून जुनं व्हर्मिक्युलाइट (दाणेदार खनिजाचा थर) नाही ना ते पाहिलं. त्यात फुप्फुसांना घातक अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून व्हर्मिक्युलाइट दिसलं तर पुढची पंख्याची चाचणी करतच नाहीत. मग मुख्य दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढायला सुरुवात केली. आतबाहेर हवेच्या दाबात ५० पास्कलचा फरक पडला की प्रत्येक फट बोलायला लागते. मी देवघरातली उदबत्ती घेऊन मागोमाग फिरले. कोनाड्याच्या दाराशी धरली तर धूर सरळ माझ्या तोंडावर. तळघरात, पायाच्या भिंतीवर जिथे लाकडी चौकट टेकते तिथे तर उदबत्तीचं टोक फुंकर घातल्यासारखं लालभडक झालं. खिडक्या, ज्यांना आम्ही इतकी वर्षं शिव्या घातल्या, त्या बिचाऱ्या बऱ्यापैकी घट्ट निघाल्या.

त्यावरून कुठे काय घालायचं ते ठरत गेलं. अॅटिकच्या सपाट भागात सेल्युलोज, म्हणजे रद्दी कागदाचा प्रक्रिया केलेला भुगा. तो स्वस्त आणि त्यावर तेव्हा 'मास सेव्ह'ची ७५ टक्के सवलत होती. तिथे फोम मारणं म्हणजे पैसे उडवणं. फोम फक्त अडचणीच्या जागी: उतरत्या छताच्या आत आणि तळघराच्या त्या चौकटीवर. छताचे वासे जेमतेम साडेपाच इंच खोल. त्यात हवा खेळायला वाट ठेवून वर पुरेसं इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) बसवणं शक्यच नव्हतं.

कोटेशन मागवली तेव्हा एक कंत्राटदार म्हणाला ओपन-सेल, दुसरा क्लोज्ड-सेल. ओपन-सेल हलका, स्पंजसारखा, इंचाला साधारण आर-३.७ ('आर' म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद), त्यातून वाफ आरपार जाते. क्लोज्ड-सेल टणक, महाग, इंचाला आर-६ च्या वर, आणि दोनेक इंच झाला की वाफही अडवतो. आमच्यासारख्या थंड हवेत घरातली वाफ फोममधून छपराच्या गार फळीपर्यंत पोचली तर छप्पर आतून कुजू शकतं. हवा न खेळणाऱ्या छपरात फळीला चिकटून किमान आर-२० चा हवाबंद थर हवा, असं आमच्यासारख्या हवामानाच्या भागासाठी बांधकामाचा कोड (नियमावली) सांगतो. छतासाठी क्लोज्ड-सेल घेतला.

प्रत्यक्ष फवारणीपेक्षा आधीची कामंच जास्त. उतरत्या छताचं ड्रायवॉल पाडलं. बाथरूमच्या पंख्याचा पाइप कोनाड्यात मोकळाच सोडलेला सापडला. म्हणजे सत्तर वर्षांत कोणी ना कोणी आंघोळ केली की वाफ थेट लाकडात. तो छपरातून बाहेर काढला. मग गॅसच्या वॉटर हीटरची तपासणी: घर घट्ट झालं की धुरांड्यातून वर जाणारा धूर उलटा आत येऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. लाकडाची ओल मीटरने मोजली. १९ टक्क्यांच्या वर असती तर काम पुढे ढकलावं लागलं असतं. ऑक्टोबर निवडला तोही विचार करूनच. फळी गारठलेली असेल तर फोम नीट धरत नाही.

कामाच्या दिवशी ट्रक दारात लागला. आत दोन पिंपं: एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिओल आणि बाकीची रसायनं. दोन्ही गरम होऊन वेगवेगळ्या नळ्यांतून येतात आणि पिस्तुलाच्या तोंडाशी समप्रमाणात मिसळतात. कारागिराने पुठ्ठ्यावर नमुना मारून दाखवला. पातळ ओल पसरली आणि बघता बघता तीसेक पट फुगून उभी राहिली. पुठ्ठा हाताला चांगलाच गरम लागला. म्हणून एका दमात फार जाड थर मारायचा नाही. आतली उष्णता कोंडून फोम करपतो, पेटूही शकतो. मग त्याने पांढरा सूट आणि बाहेरून हवा येणारा मास्क चढवला, आणि आम्हाला घराबाहेर काढलं. निदान २४ तास परतायचं नाही, असं लेखी दिलं होतं. आम्ही मैत्रिणीकडे राहिलो, वर एक रात्र जास्तच.

परतल्यावर मी नाकानेच पाहणी केली. दोन रसायनांचं प्रमाण चुकलं तर फोमला मासळीसारखा वास येतो आणि तो महिनोन् महिने जात नाही. आम्ही मालवणचे, मासळीचा वास आम्हाला कोणी शिकवायला नको. तसा वास नव्हता. मग तार खुपसून जाडी मोजली. एका वाशाच्या आड थर दीड इंचच भरला. कंत्राटदाराने कुरकुर न करता पुन्हा येऊन भरून दिला. उरलेली रक्कम तोवर दिली नव्हती, हेही खरं.

खोल्यांत फोमवर अर्धा इंची ड्रायवॉल चढलं. कोनाड्यांत फोम उघडा राहणार होता, तिथे इन्स्पेक्टरने आगीला आवरणारा रंग मारायला लावला. २०२४ च्या टॅक्समध्ये ३० टक्के क्रेडिट, म्हणजे करात सूट मिळाली, पण फक्त मालावर, मजुरीवर नाही. म्हणून बिलात दोन्ही वेगळं लिहून घ्यावं लागलं.

त्या हिवाळ्यात पन्हाळीला बर्फाचा बांध धरला नाही. सासूबाई वर एका रजईत झोपल्या. पण हिंग-मोहरीची फोडणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरात! चुलीवरची आमची चिमणी हवा गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडणारी; इतकी वर्षं फटीच तिचं काम करत होत्या. "अगो, मिरचीचो ठसको वर झोपायच्या खोलीपर्यंत येता," असं सासूबाई म्हणाल्यावर चिमणीचा पाइप भिंतीतून बाहेर काढून घेतला. जमलं तर हे फोमच्या आधीच करा, कारण बंद भिंतीला नंतर भोक पाडायचे कंत्राटदार वेगळे पैसे लावतो.