माड काढण्याचं काम

मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे माड तोडायची वेळ आलीच, तर बाबा आधी त्याच्या खोडाला हात लावून नमस्कार करतात. प्रशांत महासागरातल्या पाल्मिरा बेटावर माझं मुख्य काम माड काढण्याचं असेल हे कळलं, तेव्हा ते आपल्याच्यानं होईल का, या विचाराने मी बरेच दिवस अस्वस्थ होते. ती अस्वस्थता ज्या दिवशी गेली, त्या दिवसाबद्दल लिहिते आहे.

पाल्मिरा हे कंकणाकृती प्रवाळबेट होनोलुलूच्या दक्षिणेला सुमारे १,६०० किलोमीटरवर आहे. जमीन समुद्रापेक्षा जेमतेम दोन मीटर उंच आणि पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर. कायमची वस्ती नाही, संशोधन केंद्रावरची आम्ही मोजकी माणसं तेवढी. इथले बहुतेक माड सुक्या खोबऱ्याच्या व्यापारासाठी लावलेल्यांचे वंशज. व्यापार बंद पडला, माड मात्र पसरत राहिले.

त्या दिवशी लगूनच्या, म्हणजे बेटाच्या कड्याने वेढलेल्या उथळ पाण्याच्या, कडेचा एक पट्टा आमच्याकडे होता. मोठ्या माडांच्या खोडाला भोक पाडून तणनाशक सोडायचं, कोंब हातांनी उपटायचे. खाली पडलेल्या नारळांना इतके कोंब फुटले होते की पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांतून एक नारळखेकडा चालला होता. हा जमिनीवर राहणारा जगातला सर्वांत मोठा खेकडा. पाय पसरले की जवळजवळ मीटरभर. त्याला वाट देऊन आम्ही पुढे झालो. पण वर बघावं तर एकही घरटं नाही. झावळ्या वाऱ्यावर सतत हलतात, एकमेकींवर आपटतात. तिथे अंडं टिकणार कुठे?

पट्टा संपला आणि पिसोनिया या इथल्या स्थानिक झाडाचं रान लागलं. माडांच्या रानापासून अगदी जवळ, पण तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना! सगळीकडे समुद्रपक्षी. लाल पायांचे बूबी आडव्या फांद्यांवर काटक्यांची घरटी करून बसले होते, काळ्या नॉडींची घरटी त्यांच्याही वर. पांढऱ्या सुरयीने घरटं न बांधता उघड्या फांदीच्या खोबणीतच अंडं ठेवलं होतं. विष्ठेचा उग्र वास, पानं पांढरी, बूट काळ्या भुसभुशीत मातीत रुतत होते. पिसोनिया मोठा होतो, तीस मीटरपर्यंतही जातो, पण लाकूड मऊ. फांदी मोडून पडली तरी मुळं धरते. त्याच्या चिकट बिया पक्ष्यांच्या पिसांना लागून दुसऱ्या बेटांवर जातात. कधी त्या इतक्या चिकटतात की पक्ष्याला उडताच येत नाही आणि तो मरतो. त्या दिवशी एक नॉडी तशी सापडली, जिवंत. एकेक बी सोडवायला खूप वेळ लागला. हातातली तिची धडधड मला अजून आठवते.

दोन्ही रानांतल्या मातीचे नमुने घेताना आमच्या प्रमुख संशोधिकेने मला सगळी साखळी समजावून सांगितली. पक्षी समुद्रात मासे खातात आणि झाडांवर येऊन शिटतात. जमिनीला नायट्रोजन, फॉस्फरस मिळतं ते असं. माडांत पक्षी राहत नाहीत, म्हणून तिथली माती निकस; २०१० साली याच बेटावरच्या अभ्यासाने हे दाखवलं. पिसोनियाखालचं खत पावसाबरोबर समुद्रात उतरतं, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, वाढतात आणि ते खायला मँटा येतात. आपल्याकडच्या पाकटाच्याच कुळातला हा अवाढव्य जीव. स्थानिक झाडांच्या किनाऱ्यालगत मँटा जास्त दिसतात, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेलं आहे. परतताना आम्हालाही होडीखालून तोंड उघडून जाणारे दोन मँटा दिसले.

घरी फोन केला तेव्हा बाबांनी विचारलं, “गो, मग तिथे उगवणार काय?” उत्तर सोपं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे आलेले उंदीर बिया आणि कोवळी रोपं कुरतडायचे. पहिल्यांदा त्यांना मारण्याचा प्रयत्न फसला; आमिष खेकडे खायचे आणि कितीतरी उंदीर माडांच्या शेंड्यांतच राहायचे. २०११ मध्ये हेलिकॉप्टरने आमिष टाकलं, तेव्हा सगळे गेले. त्यानंतर स्थानिक झाडांची रोपं भराभर वाढली. उंदरांचं रक्त पिणारा टायगर डासही बेटावरून नाहीसा झाला, जो कुणी वेगळा मारला नव्हता. बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे माडाचा दोष नाही, जागा त्याची नाही.”

दुसऱ्या दिवशी पुढचा पट्टा घेतला. आदल्या दिवशी साफ केलेल्या जागेवरही पुन्हा यावं लागणार होतं, कारण पालापाचोळ्याखाली लपलेल्या नारळांना अजून कोंब फुटायचे होते.