धुरळ्यातून आलेले घोडे

निपाणी सोडून चिकोडीच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे ऊस, मध्येच तंबाखूची मोकळी झालेली रानं. एका गावच्या जत्रेत घोडागाड्यांच्या शर्यती होत्या, खास त्यासाठीच निघालो होतो.

कारण एक चित्र. फ्रेंच चित्रकार एदुआर माने यानं १८६६च्या सुमारास काढलेलं, पॅरिसच्या लाँगशां मैदानावरच्या शर्यतींचं. मूळ चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे, जेमतेम ४४ बाय ८४ सेंटिमीटरचं. त्याची छापील प्रत कित्येक वर्षं माझ्या टेबलासमोर आहे. एरवी शर्यतीचं चित्र बाजूनं काढायचे. जेरिको या फ्रेंच चित्रकाराचं १८२१चं, इंग्लंडमधल्या एप्सम डर्बी या घोड्यांच्या शर्यतीचं चित्र बघा: घोडे चारही पाय ताणून हवेत तरंगतात. मानेनं घोडे सरळ आपल्या अंगावर आणले. डावीकडे छत्र्या घेतलेली गर्दी, आणि समोरून काळपट-तपकिरी फटकाऱ्यांचा एक लोट. पाय मोजायला जावं तर सापडत नाहीत. हे अर्धवट का सोडलं असेल, असं मला वाटायचं.

गावात पोचलो तर रस्त्याकडेला माणूस मावत नव्हतं. पहिल्या दोन फेऱ्या बाजूला उभं राहून मोबाइलवर टिपल्या. खूर, लगाम, गाडीवानाची मूठ, सगळं लख्ख. पण फोटोतले घोडे जागच्या जागी थिजलेले. वेग गेला कुठे?

तिसऱ्या फेरीला मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. आधी काहीच दिसेना. मग मागून येणाऱ्या मोटारसायकलींचे हॉर्न, आरोळ्या, आणि धुरळ्यात हलणारे दोन ठिपके. ते ठिपके एकदम मोठे झाले. पाय नव्हतेच! माना, फुललेल्या नाकपुड्या, मागे पिवळट धूळ.

"सर की बाजूला, बाळा! घोडं काय थांबतंय व्हय?"

एका आजोबांनी दंडाला धरून ओढलं. गाड्या हातभर अंतरावरून गेल्या, घामाचा उग्र वास तेवढा मागे राहिला.

मानेनं काहीच अर्धवट सोडलं नव्हतं. त्या क्षणात डोळ्याला मिळतं तेवढंच त्यानं ठेवलं, बाकीचं हिमतीनं गाळलं. तेही मायब्रिज या छायाचित्रकारानं १८७८मध्ये धावत्या घोड्याचे पाय कॅमेऱ्यात पकडले, त्याच्या बारा वर्षं आधी.

आजोबांनी ओढलं तेव्हा बोट दाबलं जाऊन एक फोटो निघाला. तिरका, हललेला: करडा पट्टा, दोन तपकिरी कान, कडेला कुणाच्या तरी फेट्याचा लाल डाग. बाकीचे सगळे पुसले. हा छापून त्या चित्राशेजारी लावलाय.