बॉलपेनची रेघ

शनिवार, रात्री साडेदहा

संध्याकाळपासून लाइट नाही. पाऊस धरूनच आहे. मेणबत्तीच्या उजेडात लिहितेय, त्यामुळे अक्षर कसंही येणार.

मंगळवारपासून एक रेघ डोक्यातून जात नाहीये. माझीच रेघ. निळ्या बॉलपेनची, जेमतेम बोटभर लांब.

तिसरी-चौथीचं गोष्टीच्या पुस्तकांचं काम चालू होतं. ए-फोर कागदाला तीन घड्या घातल्या की आठ चौकटी पडतात. मधल्या घडीवर दोन चौकटींएवढा काप द्यायचा, कागद लांबीत दुमडायचा आणि दोन्ही टोकं आत ढकलायची. झालं पुस्तक. गोंद नको, टाचणी नको. पुढचं-मागचं पान सोडलं की आत सहा पानं उरतात. टोकं ढकलताना कागद मधे फुलासारखा उघडतो ना, तो क्षण मुलांना पुन्हा पुन्हा बघायचा असतो. परवा पाच वेळा करून दाखवला.

सहा पानांचा फार उपयोग होतो. वहीत गोष्ट लिहायला सांगितली की ‘मी सकाळी उठलो, तोंड धुतलं, चहा घेतला’ इथून सुरुवात, आणि गोष्ट यायच्या आत हात दुखायला लागतो. इथे जागाच नाही. काय ठेवायचं, काय सोडायचं, हे मुलं आपणहून ठरवायला लागतात. जे चित्रात आलं ते परत लिहायला नको, हेही त्यांना न सांगता कळतं. मी एकच सांगितलं होतं, पान उलटलं की काहीतरी बदललेलं दिसलं पाहिजे.

चौथीतल्या एकीने दुसरं पान पेन्सिलने अख्खं काळं केलं. एक अक्षर नाही, एक आकृती नाही. पेन्सिल आडवी धरून अर्धा तास घासत होती. तर्जनी आणि करंगळीची कड चकाकायला लागली होती, शिसं नाकालाही लागलं होतं. पेन्सिल संपेल गं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गप्प बसले. तिने पान उलटून दाखवलं, तर पुढच्या पानावर कोपऱ्यात एवढासा पिवळा ठिपका. बॅटरी घेऊन तिचा बाबा येतोय. माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे गप्प बसणं मला जमत नाही असं नाही. त्याच दिवशी, त्याच वर्गात, वीस मिनिटांपूर्वी जमलं होतं.

आणि मग तिसरीतल्या एका मुलाकडे गेले.

त्याची गोष्ट कोंबडीची. पावसाळ्यातली रात्र, सगळ्या कोंबड्या मांगरात आल्या, एक आली नाही. दुसऱ्या पानावर त्याने लिहिलं होतं, ‘कोंबी खंय गेली?’ ते मी तसंच ठेवलं होतं. मागच्या वर्षीपर्यंत मी कोंबीची कोंबडी आणि खंयचं कुठे केलं असतं, तेही लाल पेनाने. ते मोडायला मला बरेच दिवस लागले. घरात जे बोलणं चालतं ते कागदावर आलं की चूक ठरतं, असं एकदा मुलाच्या मनात बसलं की ते पूर्ण वाक्य लिहीतच नाही, बाईंना आवडतील असे चार शब्द लिहून मोकळं होतं. हे मला कळलंय, याचा मंगळवारी मला थोडा अभिमानही वाटत होता. तो वाटायला नको होता.

पुढच्या पानावर चित्र होतं. घर, गडगा म्हणजे दगडांचं कुंपण, पुढच्या खळ्यात तुळस आणि कोंबडी. कोंबडी घराच्या दुप्पट. तिची नखं तुळशीएवढी, तुरा आभाळाच्या पट्टीला टेकलेला. घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसत होती, चार, एका ओळीत, कोकमाच्या बियांएवढी. माझ्या हातात हजेरीचं बॉलपेन होतं. मी वाकले आणि म्हटलं, “अरे, घर असं मोठं कर, म्हणजे कोंबडी आत मावेल,” आणि बोलता बोलता त्याच्या घरावर छपराची नवी उतरती रेघ ओढली. सरळ, ठसठशीत. त्याच्या कोंबडीच्या पोटातून गेली ती.

तो म्हणाला, “पण ती भायर होती.”

मग बोट जिभेला लावून त्याने रेघ पुसायचा प्रयत्न केला. निळा डाग पसरला, कागदाची साल निघाली. त्याने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. “बाई, ह्यां आता तुमचां झालां.”

रागाने नाही. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. एखाद्याची छत्री आपल्याकडे राहिली की परत देताना म्हणतात ना, तसं.

मी दुसरा कागद दिला. त्याने तो दप्तरात ठेवला.

आता या वयाची मुलं चित्रं कशी काढतात हे काय मला माहीत नाही? डी.एड.ला हे सगळं झालेलं. सात-आठ वर्षांचं मूल खाली जमिनीची रेघ घालतं, वर आभाळाची पट्टी, मधे सगळी मोकळी हवा. भिंतीच्या आतलं त्याला दिसतं, कारण आत कोण आहे हे त्याला माहीत असतं. आणि जे महत्त्वाचं ते मोठं. परीक्षेत यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलंय. ती कोंबडी मोठी का होती हे कोणालाही कळलं असतं. त्या रात्री त्या घरात दुसरं काहीच नव्हतं, फक्त बाहेर राहिलेली कोंबडी होती. चार माणसं आत बियांएवढी होऊन बसली होती. मला ते बुधवारी सकाळी भांडी घासताना कळलं. हातात पेन असताना नाही कळलं.

वाईट याचं वाटतं की फेब्रुवारीत याच मुलांना पिंगुळीला नेलं होतं. कुडाळपासून अगदी जवळ, पण आमच्या वाडीतल्या निम्म्या मुलांनी चित्रकथी पाहिली नव्हती. ठाकर समाजाने पिढ्यान् पिढ्या सांभाळलेली कला. सुटी चित्रं, एका गोष्टीच्या चित्रांची एक पोथी, आणि पुढे एकेक चित्र धरून वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने रामायण-महाभारतातलं आख्यान गाऊन सांगायचं. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या शाळेतही बातमी वाचली होती. प्रत्यक्ष चित्रं समोर आल्यावर मुलं त्या डोळ्यांना हसली. एवढे मोठे डोळे कोणाचे असतात का, बाई? आणि मी, मीच, त्यांना सांगितलं होतं की चित्र काढणाऱ्याला जे दाखवायचंय ते तो मोठं करतो, मापं घ्यायची असतील तर सुताराकडे जा. तो तेव्हा पहिल्या रांगेत बसला होता. मांडी घालून, तोंड उघडं ठेवून. त्याने ते ऐकलं असणार. कदाचित त्याने ते माझ्यापेक्षा नीट ऐकलं.

म्हणजे माझं मी बोललेलं त्याने केलं आणि त्यावर मी रेघ मारली.

हात कुठून शिकतो कोण जाणे. माझा कुठून शिकला ते मला माहीत आहे. एलिमेंटरीच्या तयारीला वस्तुचित्राच्या तासाला माझ्या तांब्याच्या तोंडाचा लंबगोल कायम चपटा यायचा. शिकवणारे मागून यायचे, काही न बोलता माझ्या खांद्यावरून हात घालून माझ्याच कागदावर लंबगोल काढून द्यायचे. फार सुंदर काढायचे. घरी सगळे म्हणायचे काय छान तांब्या काढलायस. मला ए ग्रेड मिळाली. इंटरमिजिएटचा फॉर्म भरला नाही. त्या वर्षी आईचं ते सगळं चाललं होतं म्हणून, असं मी आजपर्यंत सांगत आलेय, आणि ते खरंही आहे. पण तांब्या माझा नव्हता हेही खरं आहे. त्यानंतर मी स्वतःसाठी म्हणून काही काढलं नाही. फळ्यावर काढते, तेवढंच.

गुरुवारी फार रडू आलं. दोन वर्ग एकत्र, ऑनलाइन भरायची माहिती, पोषण आहाराचा हिशोब, त्यात बदलीची यादी. ताईला फोन केला तर ती म्हणाली, एका रेघेचं काय घेऊन बसलीस, मुलं विसरतात. तिचंही बरोबर असेल. पण मी तिसरीतली बसायची जागा विसरले नाही, तो तांब्या विसरले नाही, मग तोच का विसरेल? असं वाटलं की हे गोष्टी-चित्रांचं मी उगाच मागे लावून घेतलंय. पाठ्यपुस्तक घ्यावं, धडा वाचावा, प्रश्नोत्तरं सोडवून घ्यावीत. निदान कोणाच्या कोंबडीवरून तरी माझा हात जाणार नाही.

शुक्रवारी कपाटातले ‘किशोर’चे जुने अंक चाळत बसले. बालभारतीचा हा अंक १९७१ पासून निघतोय, माझ्या लहानपणी घरी यायचा. मुलांनी पाठवलेल्या चित्रांची पानं शोधत होते. बघता बघता रडू थांबलं. का ते सांगता येणार नाही. प्रत्येक चित्राखाली नाव, इयत्ता, गाव. एवढंच. कोणीतरी ते चित्र जसं आलं तसं छापलं आणि खाली ज्याचं त्याचं नाव घातलं. आपलं काम फार मोठं नाहीये असं वाटलं, आणि ते वाटून बरं वाटलं. कागद पुरवायचे, घड्या शिकवायच्या, कैची बोथट झाली की बदलायची, एखादं पोर अडलं तर “मग काय झालं?” एवढं विचारायचं. चूक माझी झाली आणि ती आता तिथे आहे. पुढच्या मंगळवारी हात मागे बांधून फिरेन. पेन टेबलावर ठेवेन. तरी केव्हातरी वाकेनच, मला माझा हात माहीत आहे. तेव्हा निदान पेन्सिल असू दे.

आज शनिवार. सकाळची शाळा. सगळ्यांनी पुस्तकं दिली, बावीस. त्याचंही होतं. मला वाटलं होतं नव्या कागदावर केलं असेल. नाही, तेच. मुखपृष्ठावर कोंबडी, खाली त्याचं नाव, इयत्ता तिसरी. आत दुसऱ्या पानावर ‘कोंबी खंय गेली?’ आणि पान उलटलं तर एकदम शेवटची दोन पानं. सकाळ, आणि गडग्याच्या बिळात सहा अंडी. चित्राचं पान नव्हतंच.

फाडलं म्हणून मी बोटं फिरवली, तर मधलं पान जाड लागलं. त्याने ते पान समोरच्या पानाला गोंदाने चिकटवून टाकलंय. कडेपासून कडेपर्यंत, कुठेही सुटू नये असं. गोंद कडेला बाहेर आलाय, तिथे त्याच्या अंगठ्याचा ठसा आहे.

वर्गात वाचून दाखवताना मुलांनी तिथे श्वास धरला. कोंबी खंय गेली, आणि लगेच अंडी. मधे काहीच नाही. पाचवीतली कोणीतरी दारातून डोकावत होती, तीसुद्धा थांबली. तो खाली बघत होता. छान झालंय, असं मी म्हटलं नाही. विचारलंही नाही. पुस्तक परत देताना मात्र त्याने घेतलं नाही. “सोमवारी दोरयेर लावतलास ना?” एवढंच विचारलं. म्हटलं, लावणार दोरीवर.

आता ते इथे समोर आहे. मघाशी मोबाइलचा टॉर्च त्या जाड पानामागे धरून बघितला. कोंबडी अंधुक दिसते, तुरा दिसतो. रेघही दिसते.