डिकीतल्या साखळ्या

"एवढे पैसे मोजून बर्फाचे टायर घातलेस, मग ह्या साखळ्या कशाला?" डिकीत सामान ठेवताना अण्णांनी विचारलं. अण्णा बत्तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. कराड–चिपळूण, कुंभार्ली घाट, भर पावसात रात्रीची गाडी. गाडीच्या बाबतीत त्यांना थातूरमातूर उत्तर देता येत नाही.

आणि प्रश्नही रास्तच होता. म्युनिकमध्ये मला अकरा वर्षं झाली; शहरात बर्फावर घसरू नये म्हणून टायरवर बांधायची ही साखळी एकदाही लागलेली नाही. मुख्य रस्त्यांवर पहाटेच मीठ पडतं. हे बर्फाचे, म्हणजे हिवाळी टायर वापरायचे ते ऑक्टोबर ते ईस्टर, हे इथल्या प्रत्येकाला पाठ असतं. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, हिवाळी टायरचं नरम राहतं, आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फाला धरून ठेवतात. ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलाच टायर हिवाळी मानला जातो. शेजारच्या ऑस्ट्रियात नक्षीची खोली ४ मिलिमीटरच्या खाली गेली, तर तो टायर हिवाळी धरतच नाहीत.

मग साखळ्या कशाला? गेल्या फेब्रुवारीत आम्ही आई-अण्णांना क्युतायला घेऊन निघालो, तेव्हा ते कळलं. क्युताय ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात, सुमारे २,००० मीटर उंचीवर. इन नदीचं खोरं सोडून सेलराइनच्या दरीत शिरलो, तेव्हा रस्ता नुसता ओला होता. ग्रीस गाव मागे पडलं आणि बर्फ भुरभुरायला लागला. पुढे एका वळणाच्या चढावर गाडीचा वेग पडला, पुढची चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी इंचभर मागे आली. आईने माझ्या सीटची पाठ घट्ट धरली. त्याच वळणाच्या पुढे तो निळा गोल फलक होता: टायर आणि त्यावर साखळी. हा फलक लागला की साखळी बांधायचीच. खाली वेगळी पाटी नसेल तर फोर बाय फोरलाही सूट नाही.

कडेला मोकळी जागा होती, तिथे गाडी घेतली. पिवळी जाकिटं चढवली, जुनं पायपुसणं बर्फावर टाकलं आणि गुडघे टेकले. लोकरी हातमोज्यांवर भांडी घासायचे रबरी मोजे घातले. हे मला ऑफिसातल्या एका बाईंनी शिकवलंय आणि याहून चांगला उपाय मला माहीत नाही. आमची गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी, म्हणून साखळ्या पुढे. लवचिक पोलादी कडं चाकाच्या मागून सरकवायचं, वर आणून त्याची दोन टोकं जोडायची, मग पुढचा आकडा अडकवायचा आणि मोकळी साखळी खेचत आणायची. कानटोपी घातलेले अण्णा बॅटरी धरून उभे होते. "मागची कडी पिळलीय, सोड आणि परत घाल," ते म्हणाले. खरंच पिळलेली होती. पहिल्या चाकाला पंधरा मिनिटं गेली, दुसऱ्याला पाच.

पन्नासेक मीटर जाऊन पुन्हा उतरले आणि साखळी ताणून घेतली. हे विसरायचं नाही. ती पहिल्या फेऱ्यांतच सैल पडते. मग तीच गाडी तोच चढ खडखडत, शांतपणे चढली. ताशी ५० च्या वर जायचं नसतं, पण तिथे तीसच पुरे होते.

वर एक मोठी फोर बाय फोर वळणावर आडवी होऊन थांबली होती. सुदैवाने कुणाला लागलं नव्हतं. अण्णा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. "चढायला चारी चाकं जोर लावतील गं, उतारावर ब्रेक दाबल्यावर त्यांचा काय उपयोग?" मग मला म्हणाले, "ज्या गिअरमध्ये चढलीस, त्याच गिअरमध्ये उतर." परतताना तसंच उतरले. खाली काळा रस्ता दिसताच साखळ्या काढल्या, कारण कोरड्या डांबरावर त्या तुटतात आणि टायरही खातात.

म्हणून मला कुणी विचारलं तर मी सांगते: शहरातच फिरणार असाल तर चांगले हिवाळी टायर पुरेत. आल्प्समध्ये एकदा जरी जाणार असाल तरी डिकीत साखळ्या हव्यातच, आणि त्या टायरवर छापलेल्या मापाच्याच. आमचं माप २०५/५५ आर १६. तुमच्या टायरला साखळी चालते की नाही, ते गाडीच्या पुस्तिकेत आधी बघा. काही मापांना चालत नाही. आणि घरच्या पार्किंगमध्ये, कोरड्यात, उजेडात दोनदा तरी बांधून बघा. दहा अंश उणे तापमानात, मागे गाड्या थांबलेल्या असताना शिकायची ही गोष्ट नाही.

घरी आल्यावर अण्णांनी साखळ्या कोमट पाण्यात बुडवल्या, रस्त्याचं मीठ धुऊन काढलं आणि एकेक कडी फडक्याने पुसून बाल्कनीत वाळत घातल्या. आता कराडहून फोन आला की नोव्हेंबरात त्यांचा पहिला प्रश्न असतो, "साखळ्या काढून बघितल्यास का?" या रविवारी डिकीतून काढून बांधून बघितल्या. दोन्ही चाकं मिळून बारा मिनिटं लागली, ते त्यांना कळवलंय.