नाडी

दसरा होऊन आठवडा झाला होता. दुपारची ओपीडी उरकून चहाला उठलो, तेवढ्यात कॅज्युअल्टीतून फोन आला. जावळीच्या डोंगरातून एक बाई आणल्यात, ऑक्सिजन ८६. चहा राहिला तो राहिलाच.

बाई बावन्न वर्षांच्या. सहा दिवस ताप, अंगदुखी, डोकं ठणकतंय. गावाकडं दोन सलाइन आणि तीन इंजेक्शनं झाली होती. तिथून तालुक्याला नेलं, डेंग्यू निगेटिव्ह आला. प्लेटलेट ६२ हजार, मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनीन वाढून २.१, लिव्हरचे आकडे चढलेले. आदल्या रात्रीपासून धाप लागत होती. एक्सरेत दोन्ही फुप्फुसं पांढरी पडलेली, वरचं बीपी ८४. मुलगा नवी मुंबईत माथाडी. रात्रीच्या एसटीनं आला होता आणि तेव्हापासून आईच्या उशाशी उभा होता.

मी नीट तपासलं, असं तेव्हा मला वाटत होतं. छाती ऐकली, पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले, मनगटाची नाडी पाहिली. साडी होती तिथंच होती. बाईमाणूस, भोवती चार नातेवाईक, पडदा अर्धाच ओढलेला. पदर थोडा बाजूला करून स्टेथोस्कोप लावला आणि झालं. आमच्याकडं निम्म्याहून अधिक पुरुष डॉक्टर असंच तपासतात. वर त्याला मर्यादा म्हणतात. मीही म्हणत होतो.

न्यूमोनिया आणि सेप्सिस असं लिहिलं. भातकापणीचे दिवस, म्हणून लेप्टोचाही, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचाही विचार केला. मोठं अँटिबायोटिक सुरू केलं, बीपीसाठी नॉरअ‍ॅड्रिनलिन लावलं, श्वासाला जोर देणाऱ्या बायपॅप मशीनचा मास्क चढवला. रात्री आठपर्यंत काहीच हललं नाही. ताप १०३.

नऊच्या सुमारास आयसीयूतल्या मावशी बाईंचे कपडे बदलायला गेल्या. या मावशी वीस वर्षं याच कामावर आहेत. त्या बाहेर आल्या आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "सर, ह्यांना कुणी डाग दिलाय का बघा. कमरेला भाजल्यागत काळं दिसतंय."

डाग द्यायची पद्धत अजून पुरती गेलेली नाही, त्यामुळं त्यांचा संशय काही वेडगळ नव्हता. मी मुलाला विचारलं. तो भडकलाच. "आम्ही असलं काय करत न्हाई, डॉक्टर." आत गेलो. बाई मास्कच्या आतून पुटपुटल्या, "परकराची नाडी काचली आसंल. काय दुखत न्हाई ओ ते."

उजव्या बाजूला, बरोबर नाडीच्या रेषेत, जोंधळ्याच्या दोन दाण्यांएवढी काळी, कोरडी खपली. भोवती लाल कडं. विडीचा चटका बसल्यासारखी. काखेत आणि जांघेत गाठी. माझ्या पोटात गोळा आला, कारण हे चित्र मला पुस्तकातून चांगलं पाठ होतं. एस्कार, म्हणजे किडा चावल्याजागी धरणारी काळी खपली. स्क्रब टायफस. पाच तास मी नाडी बघत होतो ती मनगटाची. बघायची होती ती कमरेची.

हा आजार नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशच्या आघाडीवर सैनिकांना त्यानं हैराण केलं होतं. जंतूचं नाव ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी. माणसाला चावतो तो एका माइटचा, म्हणजे गोचिडीच्या कुळातल्या बारीक जीवाचा लार्व्हा (पिल्लू), मिलिमीटरहून लहान, डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल असा. गवतात, झुडपात, उंदरांच्या वावरात तो असतो. अंगावर चढला की कपडा घट्ट बसतो तिथं थांबतो. कंबर, काख, जांघ, स्तनाखालची घडी, म्हणजे आम्ही मर्यादेपोटी पाहत नाही त्या सगळ्या जागा. चावल्याचं कळत नाही, खपली दुखत नाही, खाजत नाही. मग पेशंट ती सांगणार तरी कशाला? जंतू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात शिरतो, वाहिन्या पाझरू लागतात आणि फुप्फुसात पाणी भरतं. पेशीच्या आत राहणाऱ्या या जंतूवर पेनिसिलीनच्या कुळातली औषधं चालत नाहीत. मी दुपारी लावलेलं महागडं अँटिबायोटिक त्याच कुळातलं होतं.

आता औषध ठरवायचं होतं. डॉक्सिसायक्लीन, हे तर एमबीबीएसचा पोरगाही सांगेल. पण एवढ्या गंभीर पेशंटला एकटं डॉक्सी द्यायचं की जोडीला अ‍ॅझिथ्रोमायसिन? मार्च २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये नेमक्या याच प्रश्नावर आपल्याकडचाच अभ्यास छापून आला होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकारानं देशातल्या सात केंद्रांत गंभीर स्क्रब टायफसचे ८०० पेशंट घेऊन तीन गट पाडले होते. कुणाला शिरेतून डॉक्सी, कुणाला अ‍ॅझिथ्रो, कुणाला दोन्ही, सात दिवस. मृत्यू, पाचव्या दिवशीही न उतरलेला ताप, सातव्या दिवशीही न हटलेली गुंतागुंत, हे सगळं एकत्र मोजलं. डॉक्सीच्या गटात ते ४७ टक्के भरलं, अ‍ॅझिथ्रोच्या ४८ आणि दोन्हींच्या ३३. दोन्ही औषधं जंतूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवरच घाव घालतात, पण वेगवेगळ्या भागावर. जोडीचा फायदा त्यामुळं होत असावा, असा तर्क आहे.

हा पेपर आला तेव्हा मी तो कौतुकानं वाचला होता. आमच्या परिसरातल्या आजारावरचं, आमच्यासारख्या पेशंटांवरचं संशोधन त्या जर्नलमध्ये रोज थोडंच येतं! त्या रात्री मोबाइलवर पुन्हा उघडला. पहिल्या वेळी ज्या ओळीवरून नजर सरकून गेली होती, तिथं आता अडकलो. २८ दिवसांतले मृत्यू तिन्ही गटांत साधारण सारखेच होते.

मुलगा बाहेर बाकावर होता. म्हटलं, निदान झालंय. दोन औषधं जोडीनं देतोय.

"दोन दिल्यावर आई वाचंल ना?"

तेहतीस आणि सत्तेचाळीस माझ्या ओठांवर होते. पण त्यानं विचारलं होतं वेगळंच. ताप लवकर उतरेल, फुप्फुसं लवकर सुधारतील याची शक्यता जास्त, एवढं मी सांगू शकत होतो. तेच सांगितलं. आणि औषध उशिरा सुरू होतंय, हेही सांगितलं. दुपारीच दिसायला हवं होतं, मी पाहिलं नाही, असं म्हणालो. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आता द्या लवकर."

अ‍ॅझिथ्रोचं इंजेक्शन आमच्या मेडिकलमध्ये होतं, डॉक्सीचं नव्हतं. साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत चौकशी झाली, कुठंच नाही. मुलाच्या चुलतभावानं पुण्यात शोधलं आणि पहाटे मोटरसायकलवरून घेऊन आला. तोवर थांबणं शक्यच नव्हतं. डॉक्सीच्या कॅप्सूल फोडून पाण्यात कालवून नाकातल्या नळीनं दिल्या. सिस्टर म्हणाल्या, "पाच रुपयांची गोळी आणि दहा हजारांचं व्हेंटिलेटर बिल, सर." हिशेब अगदी बरोबर नसेल, पण टोला बरोबर बसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नॉरअ‍ॅड्रिनलिन निम्म्यावर आलं. तिसऱ्या दिवशी ताप शंभराच्या खाली. चौथ्या दिवशी बाई मास्क काढून चहा पीत होत्या, तेव्हा बाहेर पाठवलेल्या आयजीएम एलायझाचा, म्हणजे स्क्रब टायफसच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह. रिपोर्टची वाट बघत बसलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी त्या दिवशी फार केला नाही. फाइलला लावला आणि पुढच्या पेशंटकडं गेलो.

मावशींना मी पेढ्यांचा पुडा दिला. "कशाचे?" विचारलं त्यांनी. सांगितलं तर हसल्या. "आम्ही कपडे बदलतो म्हणून आम्हाला दिसतं, सर. तुम्ही कुठं बदलता?"

नवव्या दिवशी डिस्चार्ज. खपली गळून पडली होती, खाली गुलाबी कातडं. मी सूचना द्यायला बसलो. गवतात जाताना पूर्ण बाह्या, पायात गमबूट. गवतावर बसायचं नाही, कपडे त्यावर वाळत घालायचे नाहीत. घरी आल्याबरोबर अंघोळ आणि अंगावरचे कपडे धुवायला. बाईंनी मान डोलावत सगळं ऐकून घेतलं.

"गवात बसूनच कापत्यात, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "उभ्यानं इळा चालत न्हाई." मग मुलाकडं वळून, "म्हसरांस्नी कुणी घातलंय रं इतकं दीस?"